दुधाच्या स्प्लेंडरला मागचे शॉकअप: दोन जोड्या घेतल्या, एक उपयोगी पडली

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्प्लेंडरचे मागचे शॉकअप पार बसले तवा मला वाटलं यात निवडायचं काय असतंय, दुकानात जायचं, जोडी घ्यायची, बसवायची. तसंच केलं आणि पैसे वाया गेले, म्हणून हे लिहायलोय, कारण आपल्या भागात गाडीवरनं दूध, भाजी, सिलेंडर नेणारे लई लोक आहेत आणि दुकानात कुणी ह्यातलं काही सांगत नाही.

आमचा दुधाचा धंदा. तुरमुरीहून सकाळी हिंडलग्यावरनं बेळगावात, घरोघरी रतीब घालत शेवट शहापुरात कुंदा करणाऱ्यांकडं. दोन बाजूला दोन चाळीस लिटरचे कॅन. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला १.०३ किलो धरा, म्हणजे नुसतं दूधच ८२ किलोच्या वर, त्यात कॅनचं वजन, लोखंडी कॅरिअर आणि वर मी. येताना मात्र रिकामे कॅन. एकाच शॉकअपला सकाळी दोन माणसांपेक्षा जास्त ओझं आणि दोन तासानं एकटा माणूस, सगळी अडचण इथंच आहे.

जुने गेल्याचं मला कळलं ते गाडीवरनं नाही, दुधावरनं. शहापुरातले काका म्हणाले, "अरे दूध घुसळून आणतोस काय, झाकणाला लोणी लागलंय बघ." खरंच झाकणाच्या आत पिवळट कण चिकटलेले. घरी येऊन गाडी मागनं दाबून सोडली तर एकदा वर येऊन थांबायच्या ऐवजी तीनदा डुलली, आणि डाव्या शॉकअपच्या खालच्या अंगाला तेलावर धूळ बसून काळा थर झालेला. सील गेलं, तेल गेलं, राहिली नुसती स्प्रिंग.

मग एका गल्लीतल्या दुकानातनं 'लोडवाली' म्हणून जाड स्प्रिंगची, नाव नसलेली जोडी घेतली. दुकानदार म्हणाला कडक आहे, बसणारच नाही. बसली नाही हे खरं. पण भरलेल्या गाडीला खड्डा लागला की स्प्रिंग दाबून परत एवढ्या जोरात उसळायची की कॅनच्या कड्या वाजायच्या, आणि रिकामं येताना सुळग्याच्या पुढं मागचं चाक रस्त्यावर टिकायचंच नाही, ब्रेक मारला की सरकायचं. महिन्याभरात मडगार्डच्या पट्टीला चीर गेली. त्यात ती जोडी जुन्यापेक्षा दोन बोटं लांब, त्यामुळं मधल्या स्टँडवर लावली तरी मागचं चाक जमिनीला टेकायचं, साईड स्टँडवर गाडी जास्तच कलायची आणि चेनचा ताण बदलला तो वेगळाच. आप्पा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

डोळे उघडले ते उद्यमबागजवळच्या एका गॅरेजवाल्यानं. त्यानं पहिलंच विचारलं, "एष्टु लोड हाक्तीरी?" किती वजन घालता, हे आधीच्या दुकानात कुणी विचारलंच नव्हतं. स्प्रिंगचं काम वजन उचलायचं आणि आतल्या तेलाचं काम स्प्रिंगला आवरायचं, हे त्यानं समजावलं. स्प्रिंग जाड केली आणि तेलाचा भाग तसाच हलका ठेवला तर ती उसळणारच, म्हणून कडक म्हणजे चांगला असं धरून चालू नका, मी धरलं होतं. गॅस भरलेल्या शॉकअपचंही विचारलं. सतत दणके बसले की आतल्या तेलाला फेस येतोय (कॅनमधल्या दुधाला येतो तसाच बघा) आणि फेसाळलेलं तेल आवरायचं काम नीट करत नाही, तो फेस येऊ नये म्हणून नायट्रोजन दाबून भरलेला असतो. बाजूला डबा असलेले महाग शॉकअप चोर्ला घाटातनं गोव्याला गाडी पळवणाऱ्यांना ठीक, आमच्या चाळीसच्या स्पीडला त्याची गरज नाही म्हणाला. एवढं सरळ सांगणारा माणूस कमी भेटतो.

शेवटी गॅब्रिएलची स्प्लेंडरसाठीचीच जोडी घेतली, जुनी शेजारी धरून वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेपनं मापून. टोकाला रबर बसवलेली नळी असते, तिला बुश म्हणतात, त्या बुशाचं भोकही आपल्या बोल्टला बसतंय का बघून घ्या, सैल असलं तर कटकट आवाज सुरू होतो. एकच बदलू नका, एक नवा एक जुना असला तर चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) ताण वाकडा येतो. त्यानं एक बाजू काढून नवा बसवला मगच दुसरी बाजू खोलली, आणि बोल्टचा शेवटचा आवळ गाडी स्टँडवरनं उतरवून चाकावर उभी असताना दिला, नाहीतर बुशाचं रबर पिळलेलं राहतंय. मग चेन बघितली. जोडी आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं.

पहिले चार दिवस मात्र मी नाराज होतो, भरली गाडी मागं बसायचीच. परत गेलो तर त्यानं कॉलर (स्प्रिंग टेकते ती खाचांची कडी) दुसऱ्या खाचेवरनं चौथ्या खाचेवर फिरवली, पाचात एक राखून. कॉलर फिरवल्यानं स्प्रिंग जाड होत नाही, गाडी फक्त वर उचलून धरली जाते आणि दबायला जागा मिळते. टेललाईटपासून चाकाच्या नटापर्यंत रिकामी आणि भरलेली अशी दोन मापं त्यानं भिंतीवर खडूनं लिहिली, भरल्यावर एकूण दबण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बसली पाहिजे म्हणाला. आमची त्यापेक्षा जास्तच बसते अजून. ते ओझं त्या गाडीचं नाहीच, हे मान्य करून मी आता एका बाजूचा कॅन तीसचा केलाय.

रिकामं येताना चौथी खाच थोडी कडक लागते, कमरेला कळतं. रोज पाना घेऊन खाच बदलत बसायला वेळ नाही, ते सोसायचं.

गणपतीच्या आधी बसवले, आता शिमगा झाला, आठ हजार किलोमीटरच्या वर चाललेत. सुळग्याचे खड्डे तेच आहेत पण गाडी एकदा दबते, वर येते आणि थांबते. काकांकडं झाकण उघडलं की मी आधी आतली बाजू बघतो, लोणी नसतं. संध्याकाळी गाडी धुताना स्प्रिंगच्या वेढ्यातनं बोट घालून रॉडच्या बुडाला फिरवतो, दोन्हीकडं कोरडं आहे अजून.