'रन एनीवे' की विंगेट: गावातल्या लॅपटॉपवर कोणता रस्ता बरा

सी चा कंपायलर नाहीतर एखादा छोटा एडिटर उतरवला, सेटअपवर डबल क्लिक केलं आणि अनोळखी फाइल अडवणाऱ्या विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची निळी खिडकी आली, की आमच्या दारव्ह्याकडचे पोट्टे सरळ डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस, बंद करायला धावतात. त्या उपायाला मी तुलनेत धरतच नाही. रिअल-टाइम प्रोटेक्शन थोड्या वेळाने आपोआप चालू होतं, आणि निळी खिडकी त्याची नसतेच.

उरतात दोन रस्ते. एक, मूळ साइटवरून फाइल घ्या आणि अडवणूक स्वतः सोडवा. दोन, विंगेटला सांगा, म्हणजे कमांड लिहून प्रोग्रॅम उतरवणाऱ्या आणि बसवणाऱ्या विंडोजच्या साधनाला.

पहिल्यात 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' हे सगळ्यांना माहीत आहे. पण खिडकी व्हायरस सापडला असं म्हणत नाही, ही फाइल आपल्या ओळखीची नाही एवढंच म्हणते. बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेल्या छोट्या ओपन सोर्स बिल्डना ती हमखास येते. खरी कटकट झिपची. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं. झिप तशीच विंडोजमध्ये उघडली की ती खूण आतल्या फाइलींवरही उतरते, आणि मिनजीडब्ल्यू या सी कंपायलरच्या फोल्डरात फाइली काय कमी असतात का! म्हणून आधी झिपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'वर टिक, आणि मगच एक्स्ट्रॅक्ट.

पेनड्राइव्हची गोष्ट उलटी आहे. फॅट३२ किंवा एक्सफॅटवर ही खूण टिकत नाही, त्यामुळे मित्राकडून आणलेला सेटअप काही न विचारता चालतो. विचारलं नाही म्हणजे फाइल चांगली, असं मात्र नाही. अशा वेळी विंडोजच्याच सर्टयुटिल कमांडने फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून मूळ साइटवरच्या आकड्याशी जुळवावा. मिनिटभराचं काम आहे.

विंगेट याच्यापुढे फारच सभ्य. विंडोज ११ मध्ये ते असतंच, १० च्या नव्या आवृत्त्यांतही चालतं. नाव सांगितलं की बनवणाऱ्याच्याच पत्त्यावरून फाइल आणतं, हॅश स्वतः जुळवतं, आणि निळी खिडकी सहसा येत नाही. कधी हॅश जुळत नाही म्हणून थांबतं; तेव्हा जबरदस्ती न करता दोन-चार दिवस थांबलेलं बरं.

मग मी विंगेटच का नाही धरलं? लाइनमुळे. आमच्याकडे दुपारी लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. अँड्रॉइड स्टुडिओसारखी जीबीच्या वरची फाइल शेवटाला आलेली असते, रेंज जाते, आणि माझ्या लॅपटॉपवर तरी विंगेटने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलेली आहे. रोजचा दीड जीबीचा पॅक असलेल्याने करायचं काय? तो दिवस तर गेलाच. ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा 'रिझ्युम' दाबलं की उरलेलंच येतं, आणि पहाटे रेंज चांगली असताना फाइल पूर्ण होते. शिवाय तीच फाइल शेजारच्या पोट्ट्यालाही देता येते. विंगेटमध्येही नुसती फाइल उतरवून ठेवायची सोय आहे, पण रेंज तुटायचं दुखणं तिथेही मला तेच दिसलं.

नागपूर-अमरावतीच्या होस्टेलवर फायबर असेल तर बहुधा तुम्हाला विंगेटच आवडेल, आणि माझं काही म्हणणं नाही. गावात राहून शिकत असाल तर ब्राउझर, हॅश, अनब्लॉक हाच क्रम मी सुचवेन. फक्त नव्या विंडोज ११ वर स्मार्ट अॅप कंट्रोल चालू आहे का ते आधी पाहा. त्याने अडवलं तर 'रन एनीवे'चं बटणच मिळत नाही. सही असलेली आवृत्ती शोधणंच सोपं पडतं.

अपडेटसाठी मात्र मी विंगेटच वापरतो, तालुक्याला वायफाय मिळालं की.