तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्या काकांकडून आमदारांना निवेदन लिहून घेतलं : 4 स्टार

पाचपैकी चार स्टार, आणि एक कशाला कापलाय ते खाली सांगते. दुकानाला नाव असं नाही, पत्र्यावर "मराठी-इंग्रजी टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन" एवढंच रंगवलंय. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर अशी दुकानं ओळीने आहेत, त्यातलं हे शेवटचं. बाकीच्यांकडे उत्पन्नाचा दाखला नि ॲफिडेव्हिट यांचीच गर्दी असते, निवेदन म्हणलं की ते कंप्युटरमधला कुणाचातरी जुना फॉरमॅट उघडतात, गावाचं नाव नि तारीख बदलतात आणि पन्नास रुपये घेतात. हे काका पानाला शंभर घेतात. महाग वाटतंय ना? पण काकांना टायपिंगचे नाही, टाईप करायच्या आधी जे प्रश्न विचारतात त्याचे पैसे द्यायचे.

आमचं काम असं की गाव आणि हायस्कूलच्या मधे ओढा आहे, त्यावरची मोरी म्हणजे छोटा पूल पावसात पाण्याखाली जातो आणि पोरांची शाळा बुडते. आमच्या गावातल्या पोरांनी मोबाईलवर एआयकडून तीन पानी पत्र काढून दिलेलं, वाचायला एकदम भारी, सर्वसमावेशक विकास काय नि दळणवळणाच्या पायाभूत सुविधा काय, फक्त मोरी कुठल्या रस्त्यावर आहे ते त्यात नव्हतं. काकांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ताई, रस्ता हाय कुणाचा?" म्हणलं, आमचाच की. तर म्हणे तसं न्हवं, ग्रामीण मार्ग हाय का इजिमा का प्रजिमा?

आता हे कुणाला माहीत असतं सांगा. पण सगळं त्याच्यावरच आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा हे झेडपीकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा आणि राज्यमार्ग हे सार्वजनिक बांधकामकडे. चुकीच्या खात्याचं नाव टाकलं की आमदारसाहेबांचा पीए ते पत्र तिकडे पाठवतो, तिथून "सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नाही" असं दोन ओळीचं उत्तर येतं आणि तोवर पुढचा पावसाळा आलेला असतो. काकांनी आम्हाला पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातून रस्त्याचा नंबर आणायला परत पाठवलं. त्या दिवशी राग आला, भाड्याला पैसे गेले, पण रस्ता ग्रामीण मार्ग निघाला आणि पत्रात त्याचा नंबर आला, कितव्या किलोमीटरला मोरी आहे तेही आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे विशेषणं. आमच्या सरपंचांनी सुरुवातीला "कार्यसम्राट, विकासरत्न, गोरगरिबांचे कैवारी" असं सगळं घालायला सांगितलेलं. काकांनी "मा. आमदार महोदय" एवढंच ठेवलं, म्हणाले कार्यसम्राट बॅनरवर राहू द्या, हितं त्या ओळीत किती पोरं शाळेला जात्यात ते लिहू. मग शाळेच्या हजेरीवरून आकडा, मोरीवर पाणी असतानाचे तारखेसकट फोटो (ते लोकेशन येणाऱ्या कॅमेऱ्याच्या ॲपमधले, साध्या फोटोला कुणीपण म्हणतं दुसरीकडचा आहे), ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, आणि सह्यांच्या यादीत प्रत्येकाचं नाव नि मोबाईल नंबर. आम्ही त्याच पत्रात स्मशानभूमीचं शेड आणि एसटीची फेरी पण घालणार होतो. एका पत्रात एकच मागणी, बाकीच्याचं वेगळं पत्र करा म्हणाले, कारण तीन खात्यांची तीन कामं एका कागदावर असली की कुठल्याच टेबलाला तो आपला वाटत नाही. वेगळं पत्र म्हणजे वेगळे शंभर, त्यामुळे आधी वाटलं धंदा करतायत, पण मुद्दा बरोबर होता आणि एसटीचं पत्र आगार व्यवस्थापकांच्या नावाने तुम्हीच हाताने लिहा, त्याला टायपिंग लागत नाही असं त्यांनीच सांगितलं.

मागणीचं वाक्य कसं लिहिलंय ते मला सगळ्यात आवडलं. आपण लिहितो "तरी मोरी बांधून मिळावी ही नम्र विनंती". आमदार स्वतः मोरी बांधत नाही हो, तो शिफारस करतो. आमदार निधी वर्षाला 5 कोटी असतो, पण त्यातल्या कामाला प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि त्या निधीवर अख्ख्या मतदारसंघातली गावं डोळा ठेवून असतात. त्याशिवाय 2515 आहे, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातल्या मूलभूत सुविधांचं ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं), राजकारणातली माणसं नुसतं "पंचवीस पंधरा" म्हणतात. तर काकांनी लिहिलं की सदर काम 2515 मधून प्रस्तावित करावं, किंवा स्थानिक विकास निधीतून (म्हणजे आमदार निधीतूनच) घेण्याबाबत मा. जिल्हाधिकाऱ्यांना शिफारसपत्र द्यावं. वाचणाऱ्याला पुढचा कागद कुठला काढायचा ते कळतं.

वेळेचंपण असतं. पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर खाती मागतात तो जादा पैसा, पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात येतात, मोठं बजेट मार्चमध्ये, त्यामुळे पत्र अधिवेशनाच्या बऱ्याच आधी पडलं पाहिजे. अधिवेशन चालू झाल्यावर फेटे बांधून नि हार घेऊन गेलं तर फोटो मिळतो फक्त. झेडपी सदस्याला प्रत द्यायची ना विचारलं तर काका हसले, तेव्हा सदस्यच नव्हते, 2022 ला मुदत संपल्यापासून प्रशासक. मग प्रत कार्यकारी अभियंता नि सीईओंना लावली.

आणि पोच. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. कार्यालयात "ठेवा तिकडं, साहेबांना दाखवतो" म्हणतात तेव्हा हलायचं नाही. पोस्टाने पाठवायचं तर रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिळवलंय, त्यामुळे पोस्टात गेल्यावर पोचपावती हवी म्हणून वेगळं सांगावं लागतं. महिनाभरात काही नाही कळलं तर झेडपीच्या बांधकाम विभागाला माहिती अधिकार टाका असंही सांगितलं, 10 रुपयाचं कोर्ट फीचं तिकीट, 150 शब्दांच्या आत आणि एकच विषय.

आता कापलेला स्टार. काका अजून जुन्या फाँटमध्ये टाईप करतात, सॉफ्ट कॉपी घेतली तर मोबाईलवर सगळी चित्रविचित्र अक्षरं, ग्रुपवर टाकता येत नाही नि ईमेलला चिकटवता येत नाही. पीडीएफ करून द्या म्हणलं तर वीस रुपये वेगळे आणि तेपण पुतण्या असेल तरच. आणि भाषा! उपरोक्त विषयास अनुसरून, सदरहू, उक्त, तद्नुषंगाने... आमच्या आत्याने सही करायच्या आधी विचारलं यात आपल्या ओढ्याचं कुठंय. त्यांचं म्हणणं की कचेरीतल्या माणसाला हीच भाषा आपली वाटते. मला नाही पटलं, माझ्या हट्टाने मधला एक परिच्छेद साध्या मराठीत ठेवला, पोरं दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून जातात तो, आणि पीएने वाचताना तिथेच थांबून विचारलं की कुठली शाळा.

रिझल्ट म्हणाल तर आमदारांचं शिफारसपत्र निघालं, शाखा अभियंता टेप लावून मोजून गेला, अंदाजपत्रक तयार आहे. मोरी झालेली नाही. त्याचे स्टार काकांचे कापायचे नसतात म्हणून चार.

जाणार असाल तर बाजाराच्या दिवशी जाऊ नका, बसायला एकच बाकडं आहे आणि लाईट गेली की इन्व्हर्टर नाही. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल आणि रस्त्याचा नंबर आधीच घेऊन जा म्हणजे एका फेरीत होईल. ऑनलाईन पेमेंट घेतात, पण सुटे दिले की खूश असतात.