वेग कुठला हवा: झटक्याचा की लांब ढांगांचा?

अमेरिकन फुटबॉलसाठी शाळकरी रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, हेरताना नुसतं स्टॉपवॉच बघणं मला पटत नाही. फ्लोरिडातलीच दोन मुलं घ्या, ख्रिस जॉन्सन आणि डेरिक हेन्री. पुढे दोघंही टेनेसी टायटन्स या व्यावसायिक संघाकडून खेळले आणि दोघांनीही एका मोसमात चेंडू घेऊन 2,000 यार्ड धावण्याचा टप्पा ओलांडला.

जॉन्सन ऑर्लँडोचा, अंगाने हलका. 2008मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या चाचणीत त्याने 40 यार्ड 4.24 सेकंदांत कापले. समोरच्या बचावफळीत फट दिसली रे दिसली की पठ्ठ्या पसार! पण अशा मुलाला फट करून देणारे सहकारी लागतातच.

हेन्री युली गावचा. शाळेतच 12,124 यार्ड धावला आणि 1953पासून अबाधित असलेला शालेय विक्रम मोडला. तरी सव्वासहा फुटांच्या या पोराला बचावफळीत खेळवा, असं म्हणणारे होतेच. 40 यार्डांना त्याला 4.54 सेकंद लागले, म्हणजे जॉन्सनहून बरंच जास्त. पण वजन होतं 112 किलो, हे विसरू नका. 2018मध्ये जॅक्सनव्हिलविरुद्धची 99 यार्डांची ती धाव आठवा: चेंडू एका काखेत, दुसऱ्या हाताचा पंजा अंगावर येणाऱ्याच्या छातीवर, एकेकाला बाजूला ढकलत तो थेट शेवटच्या रेषेपार. त्याचा वेग पहिल्या पावलाला दिसत नाही, विसाव्या यार्डानंतर दिसतो.

मला निवडायला सांगाल तर डोळे झाकून हेन्री. मात्र पुढची फळी भक्कम असेल आणि मैदानाच्या कडेने मोकळी जागा मिळणार असेल, तर जॉन्सनसारखं पोर हातचं जाऊ देऊ नये.