ओपनबॉक्स: बरेच महिने वापरल्यावर सांगतो, आधी बघा तो कुठली फाईल वाचतोय

ओपनबॉक्स (लिनक्सवर खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) हलका आहे, रॅम खात नाही, जुन्या मशीनवर पळतो, हे सगळं सगळीकडे लिहिलेलं आहे, ते परत उगाळत नाही. माझा २ जीबी रॅमचा लॅपटॉप बघून दुकानदार म्हणाला भंगारात द्या आणि नवीन घ्या, आणि आमच्याकडे चालू वस्तू टाकायची पद्धत नाही, म्हणून डेबियन लिनक्स टाकलं, वर एलएक्सडीई नावाचा हलका डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या सांभाळायला खाली ओपनबॉक्सच. काही महिने मस्त चाललं.

मग नेटवरून एक तयार कॉन्फिगचं, म्हणजे सेटिंगच्या फाईलींचं, गाठोडं उतरवून घेतलं. सुंदर शॉर्टकट, सुंदर मेनू, सोबत सूचना: या फाईली होममधल्या .कॉन्फिग फोल्डरात ओपनबॉक्सच्या आत कॉपी करा, मग रिकन्फिगर (सेटिंग परत वाचायला लावणारी कमांड) मारा, झालं. घंटा झालं. शॉर्टकट एकही चालेना. आरसी.एक्सएमएल, म्हणजे ओपनबॉक्सची मुख्य सेटिंगची फाईल, उघडून बघितली तर सगळं जागच्या जागी. रिकन्फिगर मारलं, एरर नाही, काही नाही. लॉगआऊट, लॉगिन, रीस्टार्ट, तेच. अहो निदान एरर तरी दे ना बाबा! माझे रविवार खाल्ले या शांततेने.

धागा सापडला तो भलतीकडेच. ऑबकॉन्फमधून (ओपनबॉक्सची सेटिंग माऊसने बदलायचा प्रोग्रॅम) थीम बदलली तर लगेच बदलायची, पण आरसी.एक्सएमएलमधे थीमचं नाव जुनंच. म्हणजे कुठेतरी दुसरीच फाईल आहे. पीएस कमांडने चालू प्रोग्रॅमची यादी बघितली तर ओपनबॉक्सच्या पुढे सरळ लिहिलेलं होतं की कॉन्फिग फाईल कुठली, आणि ती होती एलएक्सडीई-आरसी.एक्सएमएल! एलएक्सडीई ओपनबॉक्सला सुरू करतानाच ही फाईल हातात देतो, त्यामुळे आरसी.एक्सएमएलमधे तुम्ही सत्यनारायणाची पोथी लिहिली तरी त्याला पत्ता लागणार नाही. ऑबकॉन्फ हुशार, तो चालू ओपनबॉक्सलाच विचारून बरोबर फाईल धरतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या जुन्या डेस्कटॉपवरही हाच प्रकार, तिथे फाईलच्या नावात पाय पण असतं. हे सूचनांमधे एका ओळीत सांगता आलं असतं की नाही?

उपाय दोन. एक, बदल त्याच फाईलमधे करायचे. दोन, लॉगिनच्या वेळी सेशनमधे एलएक्सडीईऐवजी नुसतं ओपनबॉक्स निवडायचं. मी दुसरा घेतला आणि पुढचं रामायण सुरू झालं, कारण नुसत्या ओपनबॉक्समधे पॅनेल नाही, वॉलपेपर नाही, वायफायचं चिन्ह नाही, सगळं आपणच ऑटोस्टार्ट नावाच्या फाईलमधे लिहायचं. एलएक्सडीईची पण ऑटोस्टार्ट फाईल असते, एलएक्ससेशनच्या (एलएक्सडीई सुरू करणारा प्रोग्रॅम) फोल्डरात, तिथल्या ओळी इकडे चिकटवल्या तर काहीच उघडेना. कारण तिथे प्रत्येक ओळीच्या आधी @ असतं, त्याचा अर्थ प्रोग्रॅम कोसळला तर परत उठव, आणि ते फक्त एलएक्ससेशनला कळतं. ओपनबॉक्सची ऑटोस्टार्ट म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट, एकामागून एक चालणाऱ्या कमांडांची फाईल, तिथे @ चालत नाही, उलट ओळीच्या शेवटी & लागतं. ते & नसेल तर पहिला प्रोग्रॅम बंद होईपर्यंत पुढची ओळ चालतच नाही. पॅनेल यायचं, वॉलपेपर नाही, आणि पॅनेल मारलं की वॉलपेपर हजर!

शिवाय त्या सूचनांमधे कॉपीच्या कमांडआधी सुडो लावलेलं, म्हणजे कमांड रूटच्या, मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चालते. स्वतःच्या घरातल्या फोल्डरात कॉपी करायला सुडो कशाला, देव जाणे. परिणाम असा की फाईल माझ्या होममधे पण मालक रूट, ओपनबॉक्स वाचतो, ऑबकॉन्फला सेव्ह करता येत नाही. चोऊन कमांडने मालकी परत आपल्या नावावर करून घ्या, दोन सेकंदांचं काम.

या फाईली ज्या कंसांच्या भाषेत लिहितात त्या एक्सएमएलला मी सुरुवातीला खूप शिव्या घातल्या. एका शॉर्टकटसाठी इतके कंस कोण लिहितं. आता मत बदललंय. मेनूच्या फाईलमधे, मेनू.एक्सएमएलमधे, एका कमांडमधे नुसतं & राहिलं (एक्सएमएलमधे त्याच्या जागी &, एएमपी आणि अर्धविराम असं लिहावं लागतं), तर ओपनबॉक्सने समोर खिडकी उघडून फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर सांगितला. म्हणजे चुकीचं लिहिलं तर बोलतो, चुकीच्या जागी लिहिलं तर गप्प. लॉगआऊटच्या आधी एक्सएमएललिंट या तपासणीच्या कमांडने फाईल तपासून घेतली की तीही भानगड मिटते.

ओपनबॉक्सची शेवटची आवृत्ती ३.६.१, २०१५ सालची, त्यानंतर नवीन काही नाही. हे कळल्यावर आधी धसका घेतला होता, मेलेलं सॉफ्टवेअर घेऊन बसलोय की काय. पण त्याचमुळे जुने उपाय जसेच्या तसे लागू पडतात. फक्त कुणी ऑटोस्टार्ट.एसएच म्हणत असेल तर ते ३.५ च्या आधीचं, आता शेपूट नाही, नुसतं ऑटोस्टार्ट.

अनपेक्षित आनंद म्हणजे मराठी. मेनूतली नावं देवनागरीत लिहिली, "फायली", "ब्राउझर", "चला झोपा", आणि जोडाक्षरं एकदम नीट दिसतात, टायटलबारमधेसुद्धा. अक्षरं मांडायला तो पँगो वापरतो म्हणून. लोहितसारखा एखादा देवनागरी फॉन्ट टाकलेला हवा, नाहीतर चौकोन दिसतील. कीबोर्ड बदलायची सेटएक्सकेबीमॅपची ओळ पण ऑटोस्टार्टमधेच टाकली. आईला हा मेनू दाखवला तर ती स्वतःहून बँकेची पीडीएफ उघडून बसली, नुसत्या इंग्रजी मेनूला तिने हात लावला नसता.

वेलँडवाल्यांनी इकडे येऊ नये, ओपनबॉक्स फक्त एक्स ११ वर चालतो (दोन्ही लिनक्सवर पडद्यावर चित्र काढायच्या पद्धती, वेलँड नवी, एक्स ११ जुनी). त्यांच्यासाठी लॅबडब्ल्यूसी हा तसाच प्रोग्रॅम आहे, रास्पबेरी पायवाले ऑक्टोबर २०२४ मधे त्यावरच गेले, आणि गंमत म्हणजे तिथेही आरसी.एक्सएमएल, मेनू.एक्सएमएल, ऑटोस्टार्ट हीच नावं, फक्त फोल्डर वेगळा. म्हणजे शिकलेलं वाया जाणार नाही.

खर्च शून्य, लॅपटॉप अजून चालू, पाचपैकी चार. ऑबकॉन्फच्या खिडकीत वरती चालू फाईलचा पूर्ण पत्ता छापला असता तर पाचवा पण दिला असता.