फोर-ए-टी : खाटेशेजारी दोन मिनिटांत होणारी डेलिरियमची तपासणी

वॉर्डात डेलिरियम (आजारपणात अचानक येणारा मानसिक गोंधळ किंवा गुंगी) नजरेतून सुटतो तो गप्प पेशंटमध्ये. सलाईन उपटणारा लगेच कळतो. दिवसभर पेंगणाऱ्या आजींना मात्र ‘थकल्यात, झोपू द्या’ म्हणून सोडलं जातं. फोर-ए-टीचा खरा उपयोग इथेच. ती मोफत आहे, खास प्रशिक्षण लागत नाही, सिस्टरही करू शकतात. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही २०२३ पासून ती सुचवली आहे.

पहिला भाग सावधपणाचा. झोपलेल्याला हाक मारून, खांद्याला हलका हात लावून उठवायचं आणि नाव-पत्ता विचारायचा. दहा सेकंदांत गुंगी उतरली तर ०. गुंगी राहिली किंवा फार अस्वस्थपणा असला तर थेट ४. मग वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष : एक चूक १, जास्त चुका २. पुढे डिसेंबरपासून उलटे महिने : सात बरोबर आले तर ०, कमी आले किंवा नकार दिला तर १, गुंगीमुळे वा आजारामुळे सुरुवातच झाली नाही तर २. शेवटी, गेल्या दोन आठवड्यांत सुरू झालेला आणि गेल्या २४ तासांतही दिसलेला बदल किंवा चढउतार : ४. बेरीज ४ किंवा जास्त आली तर डेलिरियमची शक्यता धरायची.

सगळं बिघडतं ते चौथ्या भागात. घरच्यांना न विचारताच ० लिहिला जातो, आणि तसा एकूण ० आला तरी डेलिरियम नाही असं म्हणता येत नाही. सोबत बसलेल्याला नव्हे, रोज एका घरात राहणाऱ्याला विचारा : पंधरवड्यापूर्वी गोळ्या स्वतः घ्यायच्या का? संध्याकाळी जास्त गोंधळतात का?

आपल्याकडची खरी अडचण शिक्षणाची. जन्मतारीख आणि साल माहीत नसलेल्या आजींना २ गुण तिथेच लागतात. महिने कधी शिकल्याच नसतील तर ‘तपासणी अशक्य’ म्हणून आणखी २ देऊ नका. तो रकाना गुंगीतल्या पेशंटसाठी आहे. नाहीतर ठणठणीत बाई ४ वर पोचते. चष्मा आणि श्रवणयंत्र आधी लावून घ्या.

रोजच्या देखरेखीसाठी ही तपासणी नाही. तेच प्रश्न पाठ होतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी कॅम-आयसीयू ही आयसीयूसाठीची वेगळी डेलिरियम तपासणी वापरा.

१ ते ३ गुण आले तर बौद्धिक क्षमता आधीच कमी असू शकते, पण डिस्चार्ज कार्डावर ‘डिमेन्शिया’ (स्मृतिभ्रंश) लिहू नका. आजार उतरल्यावर, घरी स्थिरावल्यावर सविस्तर तपासणी करा.