रात्रपाळीचा मास्तर: नारोडिट्स्कीचे स्पीडरन व्हिडिओ

आधीच सांगून टाकतो, बुद्धिबळात माझं रॅपिडचं, म्हणजे कमी वेळाच्या डावांचं, रेटिंग ११४० आहे. म्हणजे हा अभिप्राय कुणा जाणकाराचा नाही, मिरजेत मेडिकलच्या दुकानात रात्रपाळी करणाऱ्या माणसाचा आहे. दीड वर्षापूर्वी हेच रेटिंग ७८० होतं. मधल्या काळात मी ४,९९९ रुपये भरून ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा, एक कोर्स घेतला आणि यूट्यूबवर डॅनियल नारोडिट्स्की या अमेरिकन ग्रँडमास्टरचे स्पीडरनचे (ते काय, पुढे सांगतो) व्हिडिओ फुकट बघितले. वाढलेले गुण त्या पाच हजारांचे नाहीत.

बुद्धिबळ मला वडिलांनी शिकवलं, तेही देशी. प्यादं एकेकच घर चालणार, राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं. सांगली-मिरज हा खरं तर बुद्धिबळाचा मुलूख. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथे पोरांच्या पिढ्या घडवल्या. पण आमचं घर त्या वाटेला कधी गेलं नाही. मोबाइलवर खेळायला लागलो तो आठवीतल्या भाच्यामुळे. त्याने पहिल्याच आठवड्यात इटालियन नावाची सुरुवात मांडून चौथ्या चालीला घोडा जी५ वर आणला (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी एक ते आठ, त्यावरून घराचं नाव). मी डी५ खेळलो, त्याच्या प्याद्याने ते खाल्लं, मी घोड्याने त्याचं खाल्लं. इथवर मला वाटत होतं आपलं बरं चाललंय. त्याने घोडा सरळ एफ७ वर मारला. राजाने घोडा घेतला, तर वजीर एफ३ वर, शह. आता डी५ वरचा घोडा राखायचा तर राजाला ई६ वर, भर चौकात यावं लागतं. आलो.

"मामा, राजा कुठं निघाला फिरायला?"

या हल्ल्याला फ्राइड लिव्हर, म्हणजे तळलेली कलेजी म्हणतात, हे नंतर कळलं. चिडून कोर्स घेतला. त्यातले व्हिडिओ चकचकीत होते, शिकवणारे सूट घालून. पण सगळं पाठांतर. पांढरा हे खेळला तर काळ्याने ते, असं चौदाव्या चालीपर्यंत. माझ्यासमोरचे आठशेवाले दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणून बसायचे, त्यांचं काय करायचं हे कोर्सात नव्हतं. पैसे परत मागितले तर तुम्ही बराच भाग बघितलाय म्हणाले. नाव घेत नाही, जाऊ दे.

स्पीडरन म्हणजे असं, की ग्रँडमास्टर नवीन खातं उघडतो आणि खालच्या रेटिंगपासून एकेक डाव जिंकत वर चढतो. ऐकायला हे पैलवानाने बालवाडीत कुस्ती खेळण्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण नारोडिट्स्की खेळताना प्रत्येक चालीचा विचार मोठ्याने करतो. समोरच्याने ही चाल का केली असेल, त्याला काय हवंय, आपल्यापुढे कोणत्या दोन-तीन चाली आहेत, त्यातली एक का सोडली. डाव संपला की पहिल्यापासून पुन्हा उलगडून दाखवतो. स्वतःची चाल फसली असेल तर तीही दाखवतो. आणि समोर असतो माझ्यासारखाच कुणीतरी, माझ्याच चुका करणारा. कलेजीचा उतारा मला इथेच नीट समजला. डी५ वरचं प्यादं लगेच खायचं नाही, घोडा ए५ वर नेऊन त्याच्या उंटाला हटकायचं. एक प्यादं जातं, पण आता पळापळ त्याची. कोर्सातही ही चाल असणार, पण प्यादं का सोडायचं हे कुणी सांगितल्याशिवाय माझा हात ते खाल्ल्यावाचून राहिला नसता.

भाषेची अडचण आहे. हा माणूस २०१३ साली ग्रँडमास्टर झाला, पुढे स्टॅनफर्डमधून इतिहासाची पदवी घेतली, आणि त्याचं इंग्रजी त्या पदवीला शोभणारं आहे. वर बोलण्याचा वेग. मी पाऊण वेगावर लावतो. खाली आपोआप येणारी इंग्रजी अक्षरं चालू केली, तर त्यात घोड्याची (knight) सारखी रात्र (night) होते. मराठीत या तोडीचं मला काही सापडलं नाही.

पण खरा उपयोग कसा झाला ते सांगतो. दुकानात रात्री एक ते चार तशी शांतता असते, शटर अर्धं खाली. व्हिडिओ लावावा आणि नेमकं तो "आता इथे जरा थांबून विचार करा" म्हणाला की कुणीतरी चिठ्ठी घेऊन दारात. आजूबाजूला सगळी हॉस्पिटलंच, पेशंट पार कर्नाटकातून येतात. मग मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलत इंजेक्शन शोधायचं, फ्रिज उघडायचा, बिल करायचं. दहा मिनिटं जातात. तेवढ्यात डोक्यात तोच पट. उंट मागे घ्यावा का? की हत्ती मधल्या पट्टीवर आणावा? परत येऊन व्हिडिओ सुरू केला की कळायचं, दोन्ही चूक. सुरुवातीला वैताग यायचा. मग मी जुन्या बिलबुकाच्या मागे आपली चाल लिहून ठेवायला लागलो. पहिल्या चाळीस ठिकाणी त्याच्याशी जुळल्या फक्त अकरा. घरी सुट्टीच्या दिवशी सलग तीन भाग बघितले, तेव्हा मात्र सगळं पटत गेलं आणि दुसऱ्या दिवशी काही आठवेना. ज्यांच्याकडे रात्री गिऱ्हाईक येत नाही, त्यांनी थांबवायचं बटण स्वतः दाबावं.

उणिवाही आहेत. एकेक भाग अर्धा-पाऊण तासाचा, कधी त्याहून मोठा. अमुक विषय अमुक भागात असं हुडकायला गेलात तर दमाल, कारण डावात जे निघेल ते शिकायचं. रेटिंग वर चढेल तसं माझ्या डोक्यावरून जायला लागतं. आणि शेवटचे डाव, म्हणजे पटावर राजा नि एखादंच प्यादं उरतं ते, यासाठी हे पुरत नाही. समोरचा बिचारा तिथवर टिकतच नाही. मी दोनदा एका प्याद्याने पुढे असून जिंकायचा डाव घालवला. प्यादं घाईने सातव्या ओळीवर ढकललं, समोरच्याच्या राजाला शह नाही आणि चालायला घरही नाही, बरोबरी. राजा आधी प्याद्याच्या पुढे न्यायचा असतो, हे मी वेगळं पुस्तक घेऊन शिकलो.

अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या बुद्धिबळ क्लबची व्याख्यानंही यूट्यूबवर फुकट आहेत. त्यातला यासर सेरावान ऐकावा. चार वेळा अमेरिकेचा विजेता, कार्पोव्ह-कोर्चनॉयसारख्या दिग्गजांशी खेळलेला, आणि किस्से सांगावेत तर त्याने. जेवताना लावायला उत्तम. पण माझ्या खेळात त्याने फरक पडला असं म्हणवत नाही. तो मोठ्यांचे डाव सांगतो, आणि माझी गाडी फुकट घोडा गमावण्यावर अडलेली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नारोडिट्स्की गेला. एकोणतीस वर्षांचा होता. बातमी दुकानातच कळली, त्या रात्री व्हिडिओ लावला नाही. नवीन भाग आता येणार नाहीत, पण आहेत तेच माझ्या वेगाने अजून दोन-तीन वर्षं पुरतील. नव्याने बघणार असाल तर आपल्या रेटिंगच्या शे-दोनशे वरचा भाग लावा, त्याहून पुढे जाऊ नका.

भाचा आता सोळाशेला आहे. त्याच्याशी अजूनही हरतो, पण चाळिसाव्या चालीनंतर.