लॉगआउटला दीड मिनिट? गनोम, प्लाझ्मा, एक्सएफसीई आणि मागे बसलेला सिस्टिमडी

लिनक्सवर लॉगआउट रेंगाळलं की शिव्या मशीनला बसतात. खरं तर त्या वेळी प्रोसेसर बहुधा निवांत असतो. कुणीतरी कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतं. कोण ते शोधायचं, एवढंच काम.

गनोम, प्लाझ्मा आणि एक्सएफसीई हे लिनक्सचे डेस्कटॉप. त्यांत गनोम सर्वात हट्टी. लॉगआउट म्हटलं की ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. पुन्हा क्लिक केलं नाही तर अख्खं मिनिट गेलं. नेहमीच्या सेटिंग्जमध्ये ती बंद करायची सोय नाही. डीकॉन्फ एडिटर या लपलेल्या सेटिंग्ज बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये 'लॉगआउट-प्रॉम्प्ट' शोधून बंद करावं लागतं. प्लाझ्माची मोजणी ३० सेकंदांची, आणि ती सिस्टिम सेटिंग्जच्या सेशन विभागात सरळ बंद होते. तिथेच 'रिकाम्या सेशनने सुरुवात' निवडून ठेवा, म्हणजे सेशन (उघड्या प्रोग्रॅमांची स्थिती) जतन करणं टळतं. एक्सएफसीईला पैकीच्या पैकी: 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये विचारणा आणि सेशन आपोआप जतन करणं, दोन्ही खुणा काढल्या की झालं. शिवाय त्याच्या लॉगआउट कमांडला 'फास्ट' हा पर्यायही आहे. तो सेशन जतन करण्याच्या भानगडीत पडत नाही.

मोजणी बंद करूनही पडदा काळा होऊन अडकतो? मग दुखणं सिस्टिमडीच्या पातळीवर आहे. सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, सुरू-बंद करणारा तो हाच. सर्व्हिस थांबवताना तो आधी 'सिगटर्म' पाठवतो, म्हणजे आवरतं घ्या अशी विनंती. समोरच्याने ऐकलं नाही तर थांबून 'सिगकिल', म्हणजे जबरदस्तीने बंद. ही वाट पाहण्याची मुदत मुळात ९० सेकंदांची. काही वितरणांनी ती कमी केली आहे.

'टाइम्ड आउट' आणि 'किलिंग' हे शब्द जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदींमध्ये शोधा, सर्व्हिसचं नाव त्याच ओळीत सापडतं. बऱ्याचदा तो घरी लिहिलेला बॅश स्क्रिप्ट निघतो: सिगटर्मसाठी 'ट्रॅप' (सिग्नल आला की काय करायचं ती सूचना) लावलेला, त्यात तात्पुरत्या फाइली पुसलेल्या, पण शेवटी 'एक्झिट' लिहायचं राहिलेलं. सिग्नल येतो, सफाई होते आणि लूप पुन्हा सुरू! एका शब्दाची दुरुस्ती, दीड मिनिटाची बचत.

प्रोग्रॅम दुसऱ्याचा असेल तर 'सिस्टिमसीटीएल --यूजर एडिट' आणि पुढे सर्व्हिसचं नाव देऊन 'सर्व्हिस' विभागात 'टाइमआउटस्टॉपसेक=५' टाका. मुदत फक्त त्याच सर्व्हिसपुरती घटते.

सगळ्यांचीच मुदत एकदम २ सेकंदांवर आणण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. फाइल सिंक करणारा प्रोग्रॅम किंवा डेटाबेस लिहिता लिहिता मारला गेला, तर वाचलेल्या सेकंदांपेक्षा दुरुस्तीला जास्त वेळ जाईल. सरसकट बदलायचंच असेल तर १५ सेकंद पुरे. फाइल मात्र नीट बघा: 'सिस्टिम.कॉन्फ' नव्हे, 'यूजर.कॉन्फ'. पहिलीत बदल करून 'काही फरक नाही' म्हणणारेच जास्त. 'यूजर.कॉन्फ'मधल्या 'डिफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक' ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढायला विसरू नका, आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा.

'लॉगिनसीटीएल' या कमांडने सेशन थेट संपवणं सगळ्यात वेगवान, पण जतन न केलेली फाइल त्यात गेली म्हणून समजा. ते अडकलेल्या सेशनसाठीच ठेवा, तेही दुसऱ्या टीटीवायवरून, म्हणजे डेस्कटॉपबाहेरच्या कमांड-पडद्यावरून.